यानाची बॉबिन केस सैल आहे

शिलाई मशीन घराबाहेर गेलं त्या दिवसापासून नादखुळ्यांच्या घरात अबोला होता. अबोला बायकोने धरला होता. नादखुळ्यांच्या तो चौथ्या दिवशी लक्षात आला, आणि तोही शेजारणीने सांगितल्यावर.

"अहो, माझं मशीन कधी येणार?" एवढा एकच प्रश्न त्या अबोल्यात मंजूर होता.

"यान परत आलं की," नादखुळे सांगत.

"आणि यान कधी येणार?"

"तेराव्या भागात."

आता हे संभाषण बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याने दोघांनाही डॉक्टरकडे नेलं असतं. पण त्या काळात आपल्याकडे रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्येक घरात रेडिओ लागत असे, आणि यान म्हटलं की कोणतं, हे कुणाला विचारावं लागत नसे. केंद्रावर त्या वर्षी गाजलेल्या जुन्या विज्ञानकादंबऱ्यांची रूपांतरं चालली होती. पहिली समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माणसांची. ती लागली तेव्हा एका निवृत्त पोस्टमास्तरांनी लिहिलं होतं की, घरात बसून मला बोट लागली, कृपया लाटा थोड्या कमी करा. दुसरी बर्फाखाली सापडलेल्या शहराची. त्यावर एका आजींनी सगळ्या कलाकारांसाठी कानटोप्या विणून पाठवल्या होत्या. आणि ही तिसरी. पाच माणसं एका लोखंडी यानात बसून शनीच्या एका उपग्रहावर जातात, त्याची.

समुद्र, बर्फ आणि यान, तिन्ही नादखुळ्यांनीच तयार केलेले. नादखुळे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं, पण पगाराच्या वेळी खरं आडनाव पुकारलं तर ते स्वतःच मागे वळून बघत की कोण आलंय! बत्तीस वर्षं ते रेडिओच्या नाटकांना आवाज पुरवत होते. सात नंबरच्या खोलीत त्यांचा संसार. एक मोडकं दार, जे फक्त करकरण्यासाठी ठेवलेलं. वाळूची परात, पत्र्याचा ढग, सोळा जातींच्या चपला. शनीपर्यंत जाईल असं इंजिन मात्र त्यात काही सापडेना. मग एके दुपारी ते घरी झोपले असताना बायको पायाच्या मशीनवर पडदे शिवत होती, आणि नादखुळे ताडकन उठून बसले. "थांबू नको! चालव, चालव!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मशीन हातगाडीवर चढलं. पडदे अर्धेच राहिले. एका खिडकीला पडदा आणि एकीला टॉवेल, असं ते घर बरेच आठवडे उभं होतं.

पण आवाज काय होता! मायक्रोफोन मशीनच्या पोटाशी लावला आणि नादखुळ्यांनी पॅडल मारलं की आधी घरघर, मग त्यात मिसळलेली एक बारीक खडखड, दमलेल्या माणसाच्या श्वासासारखी. यान आहे, लोखंडाचं आहे, जुनं आहे, आणि पोचेल की नाही याची खात्री नाही, हे सगळं त्या खडखडीत होतं. कप्तानाचं काम करणारा नट मोठा खवचट माणूस, पण पहिल्या भागानंतर तोसुद्धा म्हणाला, "नादखुळे, माझे संवाद काढले तरी चालतील. मशीन काढू नका."

नादखुळ्यांचा एक हट्ट होता. प्रत्येक भागाला आवाज ताजा. गुरुवारी दुपारी ध्वनिमुद्रण, तिथेच समोर बसून पॅडल मारायचं. "एकदाच वेगळ्या टेपवर घेऊन ठेवा की," असं कुणी सुचवलं की ते म्हणत, "शिळा आवाज मी वाढत नाही." आणि केंद्रावर टेपची अशी टंचाई की रविवारी भाग लागला, सोमवारी पुसला, मंगळवारी त्याच टेपवर हवामानाचा अंदाज. त्यामुळे त्या यानाचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, बायकोच्या मशीनमध्ये.

आणि तो राहणंही गरजेचं होतं. केंद्राच्या साहेबांनी तयार आवाजांच्या तबकड्यांचा एक संच मागवायचं मनावर घेतलं होतं. घोडा पाहिजे, तबकडी चार. पाऊस पाहिजे, तबकडी नऊ. मग सात नंबरची खोली कशाला? तिथे फायलींची कपाटं बसणार होती. भांडारवाला मोजायची टेप घेऊन मापं काढून गेला होता. या मालिकेच्या शेवटानंतर महिन्याभरातच नादखुळे निवृत्त होणार होते.

"साहेब, मी जातोच आहे," ते म्हणाले होते. "पण खोली राहू द्या. माझ्यामागे त्या स्टुलावर कुणीतरी बसलं पाहिजे हो."

साहेब दुष्ट नव्हते, नुसते साहेब होते. ते म्हणाले, "बघू. शेवटच्या भागाला श्रोते काय म्हणतात ते बघू. पत्रं बोलतील."

तर पत्रं बोलली, पण पाचव्या भागानंतरच. टपाल उघडणाऱ्या बाई, त्यांना सगळे पत्रताई म्हणत, बुधवारी संध्याकाळी श्रोत्यांची पत्रं रेडिओवर वाचून दाखवत. जे वाचायचं ते आधी एकदा चाळावं, हा नियम त्या बुधवारी बाईंनी मोडला, कारण त्यांची छत्री बसमध्ये राहिली होती आणि त्या उशिरा पोचल्या होत्या. माइकसमोर बसल्या, वरचं कार्ड उचललं आणि आपल्या गोड आवाजात वाचू लागल्या:

"स. न. वि. वि. आपल्या यानाचा आवाज पाचही रविवारी लक्षपूर्वक ऐकला. बॉबिन केस सैल आहे. पट्टा ढिला आहे. तेल तर कित्येक महिन्यांत पडलेलं नाही. अशा अवस्थेत इतक्या लांबचा प्रवास बरा नव्हे. आपला, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, चाळीस वर्षांचा अनुभव."

बाई थांबल्या. पण तोवर लाखभर घरांत ते पोचलं होतं, आणि त्यांतलं एक घर नादखुळ्यांचं होतं. अबोला तत्क्षणी संपला.

"ऐकलंत? अख्ख्या मुलखाला कळलं की या बाईच्या मशीनची बॉबिन केस सैल आहे! माझ्या माहेरी रेडिओ आहे, माहीत आहे ना? पाच आठवडे तुम्ही त्याला दामटताय आणि तेलाचा एक थेंब नाही?"

"अगं, तेल घातलं तर आवाज..."

"आवाज गेला खड्ड्यात! माझ्या आईचं मशीन आहे ते. त्या मिस्त्रींना बोलवा. नाहीतर मी गुरुवारी येऊन मशीन घेऊन जाते, मग बसा त्या शनीवर."

नादखुळे काय करणार? मशीन गेलं तर यानच गेलं. शिवाय त्या कार्डाने त्यांना आतून थोडं लागलंही होतं. बत्तीस वर्षांत त्यांचा आवाज कशातून निघतो हे कुणी ओळखलं नव्हतं. सातव्या भागाच्या गुरुवारी सकाळी मिस्त्री केंद्रावर हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, हातात हत्यारांची पिशवी, चेहऱ्यावर शस्त्रक्रियेला आलेल्या डॉक्टरांचा भाव. नादखुळ्यांची बायकोही देखरेखीला आली होती.

"हे ते यान?" मिस्त्रींनी मशीनभोवती एक फेरी मारली. "वाटलंच मला. ताई, खण आधी रिकामा करा. किती पसारा भरलाय!"

बायकोने खणातले दोऱ्याचे तुकडे, बोथट कात्री, डबी, मेणाचा खडू असं सगळं ओढून काढलं आणि पिशवीत भरलं. मिस्त्रींनी दोन तास काम केलं. शेवटी त्यांनी पॅडलवर पाय ठेवला. मशीन लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं.

"वा!" बायको म्हणाली. आईची आठवण येऊन तिचे डोळे भरले.

नादखुळ्यांचेही भरले, पण कारण वेगळं होतं.

त्या रविवारी यान गुळगुळीत चाललं. बुधवारी पत्रताई दोन पोती घेऊन साहेबांच्या खोलीत आल्या.

"एका आठवड्यात एकशे चौदा पत्रं!" साहेब खूश झाले. "काय म्हणतायत?"

"एकशे तेरा लोकांनी झापलंय, साहेब."

"आणि एकशे चौदावं?"

"मिस्त्रींचं आहे. त्यांनी अभिनंदन केलंय."

बाईंनी एकेक वाचायला घेतलं. निवृत्त इंजिन ड्रायव्हर: "इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडल्यासारखं वाटतं. कप्तानाला ताकीद द्यावी." पाचवीचा एक अख्खा वर्ग: "आम्ही ओळखलं. शत्रूने रात्रीत यान बदललं आहे. हा कप्तानही खोटा आहे. आमच्या बाईंना हे पटत नाही, तरी आपण रेडिओवरून सांगावे." कानटोप्या विणणाऱ्या आजी: "यानाचा श्वास बदलला. त्याला काही झालं आहे का? खरं सांगा, मी घाबरणार नाही." आणि एका घरून: "आमचं तान्हं बाळ त्या खडखडीवर झोपत असे. आता झोपत नाही. आम्हीही झोपत नाही. याला जबाबदार कोण?"

"नादखुळे," साहेब म्हणाले, "तो जुना आवाज परत आणा."

"प्रयत्न करतो, साहेब."

"तबकडीवर असता तर असा हरवला नसता," साहेब एवढंच बोलले, पण त्याने व्हायचं ते झालं. नादखुळे त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि मग सुरू झाली त्या खडखडीची शोधाशोध. नादखुळ्यांनी मिस्त्रींचे स्क्रू एकेक करून सैल केले. मशीन कटकट करू लागलं, खडखड काही करेना. तेल पुसून काढलं, तर ते किंचाळायला लागलं. वरती चमच्यांचा जुडगा बांधला, तेव्हा यानात कुणी भांडी घासतंय असं वाटलं. शेजारच्या शाळेतून दुसरं मशीन आणलं, ते जरा जास्तच शिस्तीचं निघालं. कप्तान म्हणाला, मी तोंडाने काढतो, आणि त्याने काढलाही. पण मग कप्तानाला बोलता येईना, आणि तो बोलायला लागला की इंजिन बंद.

शेवटी पुन्हा मिस्त्रींनाच बोलावलं.

"मिस्त्री, उपकार करा. होतं तसं बिघडवून द्या."

मिस्त्रींचा चेहरा पडला. "चाळीस वर्षांत मी एक मशीन बिघडवलेलं नाही हो."

"पाच माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. शनीवर अडकतील ती," पत्रताई म्हणाल्या.

मिस्त्री विरघळले. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवून स्क्रू सैल केला. पण हात सवयीचा. बोलता बोलता तोच स्क्रू त्यांनी पुन्हा घट्ट केला. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी हत्यारं पिशवीत टाकली. "माफ करा. हात ऐकत नाही," म्हणाले, आणि जाताना पट्टाही नीट बसवून गेले.

साहेबांनी दरम्यान कुठेसं वाचलं की अंतराळात आवाज नसतोच मुळी.

"मग प्रश्नच मिटला! यान मुकं ठेवा. शास्त्रीयही होईल."

"साहेब," नादखुळे शांतपणे म्हणाले, "रेडिओवर मुकं यान म्हणजे रेडिओ बंद पडलाय. लोक उठून सेल बदलतील."

तेव्हा रूपांतर करणाऱ्या लेखकानेच वाट काढली. माणसं त्या उपग्रहावर उतरवली आणि तिथेच ठेवली. मूळ कादंबरीत ती तिथे दोन प्रकरणं चालतात. आमच्याकडे पाच रविवार चालली. नादखुळे वाळूच्या परातीत पाय आपटत राहिले. बाराव्या भागानंतर एका चांभाराचं पत्र आलं की, एवढं चालल्यावर तळवे शिल्लक राहात नाहीत, परतीची व्यवस्था करा.

पण तेराव्या भागात परत निघावंच लागणार होतं. सगळी आशा संपली आहे, हवा संपत आली आहे, कप्तान शेवटची कळ दाबतो आणि यान पुन्हा सुरू होतं. त्या जागी संवाद नव्हता. संहितेत नुसतं लिहिलेलं: *यानाचा आवाज.* साहेब स्वतः काचेपलीकडे येऊन बसले होते. भांडारवालाही आला होता, खिशात टेप घालून.

त्या गुरुवारी ध्वनिमुद्रणानंतर नादखुळ्यांसोबत सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला होता, म्हणून त्यांना कोट घालून यायला सांगितलेलं. ते आले, तर कोटाचं मधलं बटण गायब. पत्रताईंनी गुपचूप त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, फोन केला. वहिनी धावतपळत आल्या, नवऱ्याला स्टुलावर बसवलं, बटणांची डबी उघडली आणि उभ्या उभ्या टाके घालू लागल्या.

"हलू नका. सुई लागेल."

"लागू दे," नादखुळे म्हणाले. "आज खोली गेली माझी."

बायकोचा हात थांबला. बत्तीस वर्षांत त्यांनी घरी केंद्राबद्दल तक्रारीचा शब्द काढला नव्हता. "मीच तुमच्या मागे लागले ना त्या दुरुस्तीसाठी?" ती हळूच म्हणाली.

"नाही गं. मशीन तुझ्या आईचं. तू बरोबर होतीस."

तिने दोरा दाताने तोडला, डबी बंद केली आणि तीस वर्षांच्या सवयीने शेजारच्या मशीनचा खण ओढून आत टाकली. तेवढ्यात लाल दिवा लागला. आता बाहेर जाता येईना. ती कोपऱ्यात श्वास रोखून उभी राहिली.

प्रसंग सुरू झाला. उरलेले चौघंही मरणाची वाट बघत होते. कप्तान म्हणाला, "मित्रांनो, ही शेवटची कळ." नादखुळ्यांनी डोळे मिटले आणि पॅडल मारलं.

घरघर. आणि तिच्या आतून, बारीक, दमलेली, अगदी तीच खडखड.

कप्तान पुढचं वाक्य विसरला. ज्या नटीचं पात्र नवव्या भागातच मेलं होतं आणि जी नुसती फोटोसाठी आली होती, ती मोठ्याने हुंदका देऊन रडू लागली. तो हुंदका टेपवर गेला आणि तसाच ठेवला गेला. काचेपलीकडे साहेब उभे राहिले होते. नादखुळ्यांचे पाय थांबेनात. संहितेत अर्ध्या मिनिटाचा असलेला आवाज सव्वादोन मिनिटं चालला, आणि कुणीही त्यांना थांबवलं नाही.

लाल दिवा विझल्यावर त्यांनी खण ओढला. डबी उचलून कानाशी धरली. हलवली.

"हिच्यात काय काय आहे गं?"

"काय असणार? बटणं." बायको गोंधळली होती. "हे तुमच्या पहिल्या मुलाखतीच्या शर्टाचं. हे पोरीच्या शाळेच्या फ्रॉकचं. ही आईच्या पोलक्याची, चार. हे पितळी बाबांच्या कोटाचं, ते गेले त्या वर्षी काढून ठेवलेलं. का? काय झालं?"

नादखुळ्यांनी डबी तिच्या हातात ठेवली. बत्तीस वर्षं ज्याने जगभरातले आवाज ओळखले, त्याला घरातली डबी ओळखता आली नव्हती. "काही नाही," ते म्हणाले. "तुझी बटणं शनीला जाऊन आली."

फोटो काढला तेव्हा कोटाला चुकीच्या रंगाचं बटण होतं. ते त्यात स्वच्छ दिसतं.

पुढच्या बुधवारपर्यंत तीनशे बारा पत्रं आली. पाचवीच्या वर्गाने खऱ्या कप्तानाचं स्वागत केलं होतं. आजींनी लिहिलं होतं, "श्वास परत आला. मीही सोडला." बाळ झोपलं होतं. साहेबांनी पत्रांची चळत बराच वेळ चाळली, मग भांडारवाल्याला बोलावून कपाटं तळमजल्यावर लावायला सांगितली. सात नंबरच्या खोलीची किल्ली महिन्याअखेर नव्या माणसाकडे गेली. नादखुळ्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. डबीचं मात्र सांगितलं नाही.

एक पत्र पत्रताईंनी शेवटी वाचायला ठेवलं होतं. यावेळी आधी चाळून.

"स. न. वि. वि. शेवटचा भाग ऐकला. अत्यंत खेद होतो की यान पुन्हा बिघडलं आहे. बॉबिन केसच आहे, मी पैजेवर सांगतो. माझ्या कामाची एक वर्षाची हमी असते. स्वतः येऊन नीट करून देईन. मात्र घाई नाही. आधी त्यांना घरी सुखरूप पोचू द्या."

मशीन हातगाडीवरून घरी आलं. राहिलेले पडदे झाले. मिस्त्री एकदा येऊन गेले, चहा घेतला, मशीन तपासलं, काही सापडेना म्हणून फार खट्टू होऊन परतले, कारण बायकोने डबी आधीच पदराखाली घेतली होती. ते गेल्यावर तिने ती परत खणात ठेवली.

निवृत्तीनंतर दुपारी ती शिवायला बसली की नादखुळे आरामखुर्चीत डोळे मिटून पडत. घरघर चाले, आणि आत ती बारीक खडखड.

"कुठवर पोचलात?" ती मान वर न करता विचारी.

"आत्ताच चंद्र मागे टाकला."

"बरं. येताना दूध घेऊन या."